मुलांची भांडणं मुलांकडे सोपवण्याआधी: माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेत मुलांची भांडणं मुलंच बसून मिटवतात हे कळल्यापासून आपल्यापैकी बरेच जण फोन करतात. बहुतेकांना दोन गोष्टी हव्या असतात, प्रशिक्षणाचा आराखडा आणि नोंदवहीचा नमुना. दोन्ही मी आनंदाने पाठवते. पण पुढे काही शाळांत जाणं झालं की दिसतं ते वेगळंच. मध्यस्थ म्हणून निवडलेली मुलं छातीला बिल्ला लावून मधल्या सुट्टीत मैदानावर पहारा देत असतात, भांडणाऱ्यांची नावं वहीत टिपतात आणि ती वही शाळा सुटताना मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते. बाकीची मुलं त्यांना टाळतात. दोन-तीन महिन्यांत मध्यस्थ मुलंही कंटाळतात आणि उपक्रम फाइलीत जातो. चांगल्या मनाने सुरू केलेली गोष्ट अशी वाया जाताना पाहून फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. मुलांना मध्यस्थी शिकवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. सातवी-आठवीतली मुलं ते आपल्यापेक्षा लवकर शिकतात. अवघड भाग मुख्याध्यापकांच्या वाट्याचा आहे: आपल्या हातातल्या अधिकाराचा एक तुकडा मनापासून मुलांकडे द्यायचा आणि तो परत मागायचा नाही. ज्या शाळेत हे होतं तिथे उपक्रम तगतो. जिथे होत नाही तिथे कितीही चांगलं प्रशिक्षण दिलं तरी मुलांच्या हाती उरते ती हवालदारकी.

आज आपल्याकडे भांडण झालं की काय होतं ते आपण सगळे जाणतो. वर्गशिक्षक दोघांना पुढे बोलावतात आणि 'कोणी सुरू केलं?' असं विचारतात. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. मग साक्षीदार उभे राहतात, साक्षीदारांतही गट पडतात, निम्मा तास त्यात जातो. शेवटी दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं जातं, नाहीतर 'उद्या आईवडिलांना घेऊन ये' असा हुकूम निघतो. शेतात खुरपायला जाणारी बाई पोराच्या भांडणापायी एका दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येते, सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत दोन धपाटे घालते, आणि आपण प्रकरण संपलं असं धरून चालतो. ते संपलेलं नसतं. शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर किंवा संध्याकाळी इन्स्टाग्रामवर ते पुन्हा सुरू होतं, आणि तिथे आपण कोणी नसतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला, दोन्हींना मनाई केली. छडी बऱ्याच शाळांतून गेली, हे चांगलंच झालं. पण छडीच्या जागी काय आणायचं हे शिक्षकांना कोणी नीट शिकवलं नाही. त्यामुळे 'दाखला हातात देईन' ही धमकी, वर्गासमोर केलेला पाणउतारा, दहा वेळा लिहून घेतलेला माफीनामा, यांनी ती जागा घेतली. मी शिक्षकांना दोष देत नाही. सत्तर मुलांच्या वर्गात, एका तासात, अभ्यासक्रम पुढे सरकवायचा असताना दोन मुलांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणं शक्यच नसतं. ते ऐकायला वेळ असणारं माणूस शाळेत दुसरं कोण आहे? एखाद्या वर्षाने पुढच्या वर्गात असलेली मुलं आहेत. ही कल्पना अशा साध्या गरजेतून आली आहे.

ती आपल्याकडची नाही, हेही सांगायला हवं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी शाळकरी मुलांसोबत भांडण सोडवण्याचं शिक्षण सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे सोडवणारी कम्युनिटी बोर्ड्स ही संस्था काम करत होती. १९८० च्या दशकात तिने तीच पद्धत शाळांत नेली आणि मुलांना मध्यस्थ म्हणून तयार केलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वेगळा रस्ता धरला. मोजकीच मुलं निवडून शिकवण्यापेक्षा वर्गातल्या प्रत्येकाला शिकवावं आणि मध्यस्थाची पाळी सगळ्यांना यावी, असा त्यांचा आग्रह. मला त्यांचं पटतं. पण जिथे एकच शिक्षक हे काम बघणार आहे, तिथे मोजक्या मुलांपासून सुरुवात करून दोन-तीन वर्षांत सगळ्यांपर्यंत जाणंच झेपतं.

आता प्रत्यक्ष बैठक कशी होते ते सांगते, कारण ती न बघता बरेच जण तिची कल्पना न्यायनिवाड्यासारखी करतात.

भांडलेली दोन मुलं आणि दोन मध्यस्थ, एवढीच माणसं. शक्यतो एक मुलगी, एक मुलगा, भांडणाऱ्यांच्या वर्गातले नसलेले. जागा ग्रंथालयाचा कोपरा किंवा एखादी रिकामी खोली. मुख्याध्यापकांचं ऑफिस कधीच नाही. शिक्षक हाक मारली तर पोहोचेल इतक्या अंतरावर असतो, पण बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब. सुरुवातीला मध्यस्थ नियम सांगतात: एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, शिव्या नाहीत, इथलं बोलणं इथेच राहील, आणि कोणाला उठून जायचं असेल तर तो जाऊ शकतो. मग एकजण सांगतो. तो थांबल्यावर मध्यस्थ त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवतो, 'मला असं कळलं, चुकलं असेल तर सांग.' मग दुसऱ्याची पाळी. मुलांवर सगळ्यात जास्त परिणाम या परत ऐकवण्याचा होतो. आपलं बोलणं कोणीतरी बिनचूक ऐकलं हे लक्षात आलं की आवाज खाली येतो. त्यानंतरचा प्रश्न असतो 'तुला नक्की काय पाहिजे आणि ते कशासाठी?' उपाय दोघांनीच सुचवायचे. ते कोणते मान्य ते दोघांनीच ठरवायचं. मध्यस्थाने उपाय सुचवायचा नाही, चूक कोणाची हे सांगायचं नाही, माफी मागायला लावायची नाही. मोठ्यांना हे जमत नाही, मलाही अजून जड जातं. मुलांना मात्र एकदा पटलं की ती काटेकोर पाळतात.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. आमचा भाग साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातली काही मुलं कोपीवरून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरून, चालत येऊन चार-पाच महिने आमच्या वर्गांत बसतात. असाच आलेला एक मुलगा शिक्षकांनी दुसऱ्या बाकावर बसवला. जूनपासून तिथे बसणाऱ्या गावातल्या मुलाने दुसऱ्या दिवशी त्याचं दप्तर उचलून मागे फेकलं. झोंबाझोंबी झाली, शर्ट फाटला. 'ही माझी जागा' आणि 'मला सरांनी बसवलंय', दोघांचं म्हणणं एवढंच. आपल्यापैकी कोणीही असतं तर एका मिनिटात निकाल दिला असता, आणि तो निकाल बहुधा गावातल्या मुलाच्या विरोधात गेला असता, कारण दप्तर त्याने फेकलं होतं.

मध्यस्थांपैकी एक नववीतली मुलगी होती. तिने गावातल्या मुलाला विचारलं, 'तीच जागा कशाला पाहिजे तुला?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'मागून फळ्यावरचं दिसत नाही.' हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, वर्गशिक्षकांनाही नाही. चष्मा लागेल आणि पोरं चिडवतील ही भीती. दुसऱ्या मुलाला तिने तेच विचारलं, तर त्याला त्या बाकाचं काहीच पडलेलं नव्हतं. त्याला एकट्याने मागच्या बाकावर बसायचं नव्हतं, कारण आधीच्या शाळेत त्याला तसंच बसवलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं की दुसऱ्या बाकावर दोघं बसतील आणि तिथला तिसरा मित्र आपणहून पुढे सरकेल. त्या मित्राला दोघंच जाऊन विचारून आले. उठताना त्या मुलीने पहिल्याला विचारलं, 'डोळ्याचं मॅडमना सांगू का, की नको?' तो 'सांग' म्हणाला. म्हणून मला कळलं, नाहीतर कळलं नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याकडून पुढची व्यवस्था झाली.

या सगळ्यात शाळेने काय केलं? शर्ट फाटण्याबद्दल कोणालाही शिक्षा केली नाही, आणि आत काय बोलणं झालं ते विचारलं नाही. माझी आपल्याकडे मागणी आहे ती याच दोन गोष्टींची.

पहिलं वचन: जे भांडण मध्यस्थीत मिटलं त्याबद्दल पुन्हा शिक्षा होणार नाही. मिटवून आलेल्या मुलांना तुम्ही ऑफिसमध्ये बोलावून 'ते ठीक आहे, पण मारामारी केलीच ना' म्हणून उभं केलंत, तर त्या शाळेतली एकही जोडी पुन्हा बैठकीला जाणार नाही. आणि बैठक नको म्हणणाऱ्या मुलालाही जादा शिक्षा व्हायला नको. तसं झालं तर ती बैठकच शिक्षेचा एक प्रकार होते. दुसरं वचन: आत काय बोललं गेलं ते मध्यस्थ मुलांना कोणीही विचारणार नाही, मुख्याध्यापकही नाही, संस्थाचालकही नाही. नोंदवहीत तारीख, इयत्ता, भांडणाचा ढोबळ प्रकार आणि मिटलं की नाही, एवढंच असावं. नावं नकोत. आमच्याकडे पालकसभेत एका वडिलांनी 'माझ्या मुलीबद्दल तिथे काय बोलले ते मला कळलंच पाहिजे' असा हट्ट धरला. त्यांचं काळजीपोटी विचारणं मी समजू शकते. त्यांना एवढंच सांगितलं की मुलीला सांगायचं असेल तर ती तुम्हाला घरी सांगेल, आमच्याकडून ते निघणार नाही. ते रागावले. आमच्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी माघार घेतली असती तर मध्यस्थ मुलांवर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता.

मोठ्यांच्या मध्यस्थीचा कायदाही याच दोन खांबांवर उभा आहे. संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा केला. त्यात गोपनीयता आहे, आणि मध्यस्थाने पक्षांवर तोडगा लादायचा नाही हेही आहे. वस्तीतल्या, गावातल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण त्यात आहे. फौजदारी गुन्ह्यांच्या खटल्यांचे विषय मात्र त्या कायद्याने मध्यस्थीच्या बाहेर ठेवले आहेत.

आणि इथे मला थांबून, आपला वेळ घेऊन बोलायचं आहे. कारण मुलांकडे काय सोपवायचं यापेक्षा काय अजिबात सोपवायचं नाही हे चुकलं तर मुलांचं नुकसान होतं.

भांडण आणि छळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी शाळेतल्या छळावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी सांगितलेल्या खुणा आजही उपयोगी पडतात: त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि देणाऱ्याच्या व सोसणाऱ्याच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद अंगाची असेल, टोळक्याची असेल, पैशाची असेल, गावातल्या घराण्याची असेल. अशा दोघांना समोरासमोर बसवून 'आता दोघांनी मिळून तोडगा काढा' म्हणणं म्हणजे सोसणाऱ्याला पुन्हा त्याच माणसासमोर एकट्याने उभं करणं. तो घाबरून काहीही मान्य करेल आणि आपण नोंदवहीत 'मिटलं' असं लिहू. छळ थांबवणं हे शाळेचं, म्हणजे आपलं काम आहे. ते मुलांच्या गळ्यात घालता येत नाही.

जातीवरून बोललेला शब्द हेही दोन मुलांचं भांडण नाही. आपल्या शाळांत आडनाव विचारून बाक बदलणारी, डबा लांब नेणारी मुलं आहेत, हे आपण मान्य करूया. तिथे 'दोघांचंही ऐकून घेऊ' ही भूमिकाच अन्यायाची ठरते. त्या वेळी शाळेने ठामपणे एका बाजूला उभं राहायला हवं आणि वर्गाशी, पालकांशी स्पष्ट बोलायला हवं. गरज पडली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय म्हणतो हेही माहीत असायला हवं.

लैंगिक त्रासात तर मध्यस्थीचा प्रश्नच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. अशी घटना कळलेल्या प्रत्येक मोठ्या माणसावर त्याच्या कलम १९ ने पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाली तेव्हा सगळ्या शाळांत तक्रारपेटी, सीसीटीव्ही, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती यांची धावपळ झाली. सखी-सावित्री समितीचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघालेला होता. अनेक ठिकाणी समिती कागदावर आहे, मुलांना तिच्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही. मध्यस्थीचा उपक्रम सुरू करायचा असेल तर आधी ही समिती खरी करा. कारण गोपनीयतेचं वचन दिलं की कधीतरी एखादं मूल मध्यस्थांसमोर असं काही सांगेल जे ऐकून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची झोप उडेल. म्हणून पहिल्या दिवसापासून गोपनीयतेला तीन अपवाद मध्यस्थांना तोंडपाठ असावेत आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्यांनी ते सांगावेत: कोणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, कोणी दुसऱ्याला इजा करण्याबद्दल किंवा हत्याराबद्दल बोललं, किंवा कोणा मोठ्या माणसाकडून अथवा मुलाकडून नको तसा स्पर्श वा मारहाण होत असल्याचं कळलं, तर बैठक तिथेच थांबते आणि मध्यस्थ जबाबदार शिक्षकाकडे जातात. पुढचं सगळं मोठ्यांनी करायचं. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा.

या उपक्रमाबद्दल जगात काय अनुभव आला तोही लपवू नये असं मला वाटतं. अमेरिकेतल्या शाळांमधल्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यस्थीला बसलेल्या प्रकरणांपैकी दहात नऊपेक्षा जास्त ठिकाणी मुलं तोडग्यापर्यंत पोहोचली असं दिसलं. हे वाचून उत्साह वाटतो. पण केंब्रिजचे फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकारी टोफी यांनी छळ रोखणाऱ्या उपक्रमांचा आढावा २००९ मध्ये घेतला, तेव्हा समवयस्क मुलांवर भिस्त ठेवणाऱ्या उपायांबरोबर छळ सोसणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. माझ्या मते दोन्ही आढावे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. बरोबरीच्या मुलांच्या भांडणात मध्यस्थी उपयोगी पडते. छळाच्या प्रकरणात तीच पद्धत वापरली तर घात होतो. आपण पहिलं करावं आणि दुसरं टाळावं.

आपल्याच राज्यातला एक अनुभव मला यापेक्षा जवळचा वाटतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तिच्यामागे जीव ओतला होता. बांधाचे, भाऊबंदकीचे वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळलेले तंटे गावातच बसून मिटले, अनेक घरांतलं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी स्वतः अशी माणसं पाहिली आहेत आणि त्या मोहिमेबद्दल मला आदर आहे. पण तिच्यात गुणांकन होतं, पात्र ठरलेल्या गावाला रोख बक्षीस होतं. शाळेत तो भाग कृपा करून आणू नका. 'सर्वाधिक भांडणं मिटवणारा वर्ग' असं पारितोषिक ठेवलं की मुलांवर मिटवण्याचा दबाव येणार हे उघड आहे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'आपल्या वर्गाचे गुण जातील' म्हणून गप्प बसावं लागेल. एखादं भांडण मिटलं नाही तर ते तसंच नोंदवावं. वर्षाकाठी नोंदवहीत न मिटलेली प्रकरणं अजिबात नसतील तर मला तरी काळजी वाटेल.

मध्यस्थ कोण असावेत याबद्दल आपला नेहमीचा हात चुकीच्या दिशेने जातो. आपण वर्गप्रमुख, पहिल्या पाचातली मुलं, शिक्षकांची मुलं निवडतो. ती शिक्षकांना आवडतात, मुलांना त्यांच्याजवळ मन मोकळं करावंसं वाटेलच असं नाही. आम्ही प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देतो: 'तुझं कोणाशी भांडण झालं तर शाळेतल्या कोणाजवळ बोलशील?' चिठ्ठ्या उघडल्या की दरवर्षी शिक्षकखोलीत आश्चर्य होतं. गणितात नापास होणारी, सतत बाहेर उभी राहणारी, कबड्डीत पुढे असणारी मुलं वर येतात. त्यांना घ्या. स्वतः भांडलेल्या मुलाला भांडण आतून माहीत असतं. मुली आणि मुलं सारखी असावीत, पाड्यावरची, वस्तीवरची, वसतिगृहातली मुलं त्यात असावीत. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत तर मुलांच्या घरची भाषा भिली, गोंडी, कोरकू आहे. राग आणि अपमान माणूस घरच्या भाषेत सांगतो. तिथल्या मध्यस्थाला ती भाषा यायलाच हवी, आणि बैठक त्या भाषेत झाली तर कोणीही हरकत घेऊ नये. दहावीची मुलं घेऊ नका, त्यांच्या डोक्यावर बोर्डाची परीक्षा असते. आठवी-नववी हे योग्य वय.

प्रशिक्षणाला दोन पूर्ण दिवस पुरतात, पण पुढे वर्षभर आठवड्यातून एकदा सराव लागतो. लुटुपुटुची भांडणं करून बघायची आणि झालेल्या बैठकांत काय अडलं हे नावं न घेता बोलायचं. या सरावासाठी वेळ कुठून आणायचा, असं मला विचारलं जातं. पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार सुरू करण्याचा निर्णय शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला आहे. तो वेळ यासाठी योग्यच आहे. मीना-राजू मंच हा शाळेतल्या मुलामुलींचा गट जिथे जिवंत आहे तिथे तीच मुलं या कामात उत्तम येतील. मधल्या सुट्टीत बैठक ठेवली तर एवढंच बघा की कोणाचं जेवण चुकणार नाही. खिचडी संपून गेली म्हणून उपाशी राहिलेलं मूल समजुतीच्या मनःस्थितीत नसतं.

शिक्षकाबद्दलही सांगते. हे काम अशा कोणावर टाकू नका ज्याच्याकडे आधीच स्काउट-गाइड, हरित सेना, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीचं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आहे. ज्याच्याजवळ मुलं आपणहून जाऊन बसतात असा एक शिक्षक किंवा शिक्षिका प्रत्येक शाळेत असते. तिला बोलवा, आठवड्याचे दोन तास कमी करून द्या आणि ते वेळापत्रकात लिहून द्या. मध्यस्थ मुलांचा भार ती हलका करते. दुसऱ्यांचं दुःख ऐकून आलेल्या मुलाला कोणाशी तरी बोलायचं असतं. त्याची विचारपूस झाली नाही तर ते मूल थकतं, चिडचिडं होतं, घरी गप्प गप्प राहायला लागतं. मध्यस्थ मुलांना काम सोडायचं असेल तर कारण न विचारता सोडू द्या.

बाकी शिक्षकांनाही या पद्धतीची ओळख हवी. मुलांनी वर्गाबाहेर शांतपणे ऐकून घ्यायचं आणि वर्गात शिक्षकाने ओरडून निकाल द्यायचा, असं फार दिवस चालत नाही. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर सुरुवातीला या सगळ्याच्या विरोधात होते. त्यांचा आक्षेप होता की पोरांना शिस्त राहणार नाही. मी त्यांना वाद घालून पटवलं नाही. त्यांच्या वर्गातल्या दोन मुली व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकण्यावरून महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि त्यामुळे त्यांचा गटप्रकल्प अडला होता. त्या मुली बैठकीनंतर पुन्हा एकत्र कामाला लागल्या हे त्यांनीच पाहिलं. आता कोणाला पाठवायचं आणि कोणाला नाही हे ठरवायला ते मला मदत करतात, आणि त्यांची पारख माझ्यापेक्षा चांगली आहे.

पैसे फारसे लागत नाहीत. एक खोली, चार खुर्च्या, एक वही. शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवताना खर्चाची अडचण येत नाही. तिथे पालक विचारतात की आमच्या मुलाने दुसऱ्यांच्या भानगडीत का पडायचं. तो प्रश्न रास्त आहे. त्यांना प्रशिक्षणाच्या एका सत्राला बोलवा आणि मागे बसून बघू द्या. आमच्याकडे एक आई सत्र बघून घरी गेली आणि जावेशी असलेल्या अबोल्याबद्दल पहिल्यांदा बोलली, असं तिच्या मुलीने मला सांगितलं.

आता माझी विनंती. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी शिक्षकांची बैठक घ्या आणि आपल्या शाळेत कोणती प्रकरणं मध्यस्थीला जाणार नाहीत याची यादी सगळ्यांच्या सहीने तयार करा. सखी-सावित्री समितीतल्या सदस्यांची नावं आणि चेहरे मुलांना माहीत करून द्या. मग पहिल्या आठवड्यात परिपाठाच्या वेळी आपण स्वतः मुलांसमोर उभे राहा आणि ती दोन वचनं आपल्या तोंडाने द्या: जे इथे मिटेल त्याची शिक्षा होणार नाही, आणि आत काय बोललात ते मी विचारणार नाही. तेच मजकूर म्हणून सहीशिक्क्यानिशी सूचनाफलकावर लावा. हे देता येत असेल तर मला कळवा, आराखडा घेऊन मी आणि आमची मध्यस्थ मुलं एखाद्या शनिवारी आपल्या शाळेत येऊ. देता येत नसेल तर यंदा हा उपक्रम सुरू करू नका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आपली नम्र,
सोलापूर जिल्ह्यातली एक माध्यमिक शिक्षिका